ओव्यांचं पुस्तक स्वतः काढायचंय: कोणतं काम कुणाकडे न्यायचं?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीच्या काळात गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. वह्या आहेत, काही ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित आहेत. ओव्या आणि त्या सांगणाऱ्या बायकांविषयीचं माझं लेखन मिळून १६०-१७० पानांचं पुस्तक होईल. एका कंपनीनं ‘लिखाण द्या, बाकी सगळं आम्ही बघतो’ असं पॅकेज सांगितलंय, पण रक्कम मोठी आहे. आपल्या भागातच हे काम करून देणारी माणसं मिळतील का? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

बाई, माणसं मिळतील. विट्याहून सकाळी निघून सांगली, कऱ्हाड किंवा कोल्हापूर गाठायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढ्या टापूत तुमच्या पुस्तकाचं सगळं काम होऊ शकतं. मी गेली बरीच वर्षं याच भागात पुस्तकांची निर्मिती करून देतो, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणारे लेखकच जास्त असतात. त्या अनुभवातून सांगतो, पॅकेज हे एक काम नसतं. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन (म्हणजे प्रुफं तपासणं), मुखपृष्ठ, छपाई-बांधणी आणि विक्री ही सुटी कामं आहेत आणि प्रत्येकाचा जाणकार निराळा. पॅकेजवालेही ही कामं बाहेरच वाटतात, फक्त कुठल्या कामाला किती गेले हे तुम्हाला कळत नाही. तुम्ही कामं सुटी करा, ज्याचं काम त्याच्याकडे न्या, आणि प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव लावा.

कंपनीला नकार कळवण्याआधी तिचा करारनामा मात्र मागवून वाचा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुणाच्या नावावर निघणार, पानांच्या खुल्या, म्हणजे दुरुस्ती करता येणाऱ्या फाइली शेवटी कुणाकडे राहणार, पहिल्या खेपेला छापील प्रती नक्की किती हातात पडणार आणि करार संपवायचा झाला तर हक्क किती दिवसांत मोकळे होणार, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं नसेल तर सही करू नका. माझ्या ओळखीच्या एका लेखकाला दुसरी आवृत्ती काढताना आधीच्या कंपनीकडून फाइल मिळाली नाही आणि अख्खं पुस्तक नव्यानं टाइप करून घ्यावं लागलं. पॅकेज घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. परदेशात राहणाऱ्या किंवा नोकरीत पुरत्या अडकलेल्या माणसाला ते सोयीचं पडतं. तुमच्याकडे वेळ आहे, आणि तालुकाभर तुमच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आहेत. ही शिदोरी कुठल्याच कंपनीकडे नाही.

छापखान्याच्या आधी एक काम उरकायला हवं. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या त्यांच्याकडे पुन्हा जाऊन या. परंपरेनं चालत आलेल्या ओवीवर कुणा एकाची मालकी नसते. पण एखादीनं स्वतः रचलेली ओवी तिची असते आणि फोटो, नाव, घरातली हकिकत हे तर सर्वस्वी तिचंच. नाव-गाव छापायला आणि फोटो वापरायला एका साध्या कागदावर संमती घ्या. जी हयात नाही तिच्या मुलाला किंवा सुनेला विचारा. कुणी म्हणाली की सासूबद्दलची ती ओवी माझ्या नावानं नको, तर नाव काढून टाका. पुस्तक गावातच वाचलं जाणार आहे, आणि तिला त्याच घरात राहायचं आहे.

दुसरं, तुमच्या ओव्या आधी छापून आलेल्या संग्रहांशी ताडून पाहा. सांगली जिल्ह्यातल्याच बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत लोकसाहित्याचे अनेक खंड संपादित केले आहेत. जुन्या ग्रंथालयांत ते सापडतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्यातून केलेल्या कामात लाखाच्या वर ओव्या जमल्या आणि त्यातल्या बऱ्याच आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. तुमची एखादी ओवी तिथे असली तरी ती गाळायची नाही. तुमच्या गावात ती वेगळी कशी म्हणतात, ते दोन ओळींत लिहायचं. पुस्तकाचं मोल त्यानं वाढतं. यासाठी सांगलीचं नगर वाचनालय, कोल्हापूरचं १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय ही तीन ठिकाणं पुरतात. विद्यापीठाच्या मराठी विभागात जाऊन लोकसाहित्य शिकवणारं कोण आहे ते विचारा. लगेच प्रस्तावना मागू नका. वीस पानं वाचायला द्या आणि शेरे मागा. ज्यांचे शेरे उपयोगी पडतील त्यांच्याकडे पुढे प्रस्तावनेसाठी जा. नुसत्या मोठ्या नावाची प्रस्तावना घेण्याचा मोह टाळा. वाचणाऱ्याला ती न वाचता लिहिलेली आहे हे पहिल्याच पानावर कळतं.

आता अक्षरजुळणी. तालुक्याच्या गावी डीटीपीवाले असतात, पण त्यांचं रोजचं काम लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि बिलबुकांचं. पुस्तकाची पानं लावणारा माणूस सहसा सांगली-कोल्हापुरात भेटेल. त्याला शोधायचा सोपा मार्ग म्हणजे ग्रंथालयात जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागात छापलेली, मांडणी आवडलेली चार पुस्तकं काढायची आणि त्यांचं श्रेयपान उघडायचं. अक्षरजुळणी कुणाची, मुखपृष्ठ कुणाचं, मुद्रक कोण, हे सगळं तिथे नावानिशी असतं. जाहिरात पाहून माणूस निवडण्यापेक्षा हातातलं पुस्तक पाहून निवडलेला बरा.

त्याच्याशी बोलताना पहिला प्रश्न फाँटचा. आपल्याकडे अजून बरेच जण श्री-लिपीच्या किंवा तशाच जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत काम करतात. छपाईला ते चालतं, पण पुढे ई-पुस्तक करायचं किंवा नुसता मजकूर दुसरीकडे न्यायचा म्हटलं की रूपांतर करावं लागतं आणि तिथे अक्षरं बिघडतात. तुमच्या पुस्तकात सगळ्यात आधी बिघडणार तो ‘ऱ्य’. ओव्यांमध्ये सासरा, नवरा, तारा, झरा हे शब्द पावलोपावली येणार आणि ‘सासऱ्याच्या वाड्यात’चं ‘सासर्याच्या’ होऊन बसणार. म्हणून काम पहिल्यापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर मजकूर तसाच राहतो त्या पद्धतीत करून घ्या. तरीही शेवटच्या फाइलीत ‘र्य’ शोधायला सांगा आणि सापडलेली प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासा, कारण ‘सूर्य’ आणि ‘कार्य’मधला रफार बरोबर असतो, तो बदलायचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ही पाहून घ्या. २००९च्या शासननिर्णयात मराठी वळणाची ही दोन्ही अक्षरं ठरवून दिली आहेत, पण पुष्कळ फाँट उघडल्याबरोबर हिंदी वळणाची अक्षरं देतात. काही फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ती आपोआप सुधारतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे दोन्ही मोफत आहेत. पुस्तकाच्या मजकुराला मला शोभिकाचं वळण जास्त आवडतं, मुक्ता शीर्षकांना चांगला दिसतो.

सगळी वही देण्याआधी आठ पानांचा नमुना लावून मागा, चार पानं गद्याची आणि चार ओव्यांची. ओव्यांची खरी अडचण ओळीच्या लांबीची असते. डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांत, समास सोडून मजकुराला सव्वाचार इंच रुंदी उरते. लांब चरण त्यात मावला नाही की शेवटचा एकच शब्द खालच्या ओळीवर जातो आणि वाचणाऱ्याचा ठेका तुटतो. अशा वेळी ओव्यांपुरता अक्षराचा आकार एका अंशानं कमी करता येतो किंवा चरण यतीवर मोडून दुसरा भाग थोडा आत ढकलता येतो. मी दुसरा उपाय करतो, कारण ओवी म्हणणारी बाईही तिथेच श्वास घेते. एक ओवी दोन पानांत तुटू द्यायची नाही, हेही जुळणी करणाऱ्याला आधीच बजावा. पान थोडं रिकामं राहिलं तरी चालेल.

पैसे कुठे वाचवावेत याबद्दल मतं वेगळी असतील, पण कुठे वाचवू नयेत याबद्दल माझं मत पक्कं आहे. मुद्रितशोधनावर वाचवू नका. लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, कारण तो छापलेलं वाचत नाही, मनात असलेलं वाचतो. मुद्रितं किमान तीनदा काढा आणि तीही कागदावर. पहिलं मुद्रित तुम्ही मूळ वही शेजारी ठेवून, दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावून तपासा. दुसरं मुद्रितशोधकाचं. तिसऱ्यात फक्त दुरुस्त्या उतरल्यात का ते पाहायचं, नवं काही लिहायचं नाही. पानांची छापील संख्या, अनुक्रमणिकेतली पानं आणि फोटोखालची नावं एकमेकांशी जुळतात का, हेही या तिसऱ्या खेपेतच.

तुमच्या पुस्तकाच्या बाबतीत चांगला मुद्रितशोधकसुद्धा नुकसान करू शकतो. त्याची सवय प्रमाण लेखनाची. ‘व्हतं’ दिसलं की त्याचा हात ‘होतं’ करायला जाणार, ‘आन्’चं ‘आणि’ होणार, ‘म्या’चं ‘मी’ होणार, आणि तुम्ही इतकी वर्षं जपलेली बोली त्याच्या दोन संध्याकाळींत धुऊन निघेल. म्हणून काम देण्याआधी एक शैलीपत्र तयार करा. एका ताव कागदावर तीन रकाने पुरेत. पहिल्यात ओव्यांमधली रूपं, जशी ऐकली तशी, हात लावायचा नाही. दुसऱ्यात तुमच्या गद्यातले शब्द, ते प्रमाण लेखनानुसार. तिसऱ्यात जिथे एकच शब्द दोन गावांत दोन तऱ्हेनं येतो ते शब्द, गावाच्या नावासह. बायकांची वाक्यं तुमच्या गद्यात अवतरणात आली असतील तर ती पहिल्या रकान्याची. हे शैलीपत्र मुद्रितशोधकाच्या आणि जुळणी करणाऱ्याच्या, दोघांच्या टेबलावर असलं पाहिजे. असा मुद्रितशोधक मिळायला निवृत्त मराठी शिक्षक किंवा वृत्तपत्राच्या कार्यालयात उपसंपादक असलेली माणसं बघा. सांगली-कोल्हापुरात दोन्ही आहेत. दर बहुधा पानावर असतो, तो आधी ठरवून घ्या.

मुखपृष्ठ स्थानिक चित्रकाराकडून करून घ्या. कोल्हापुरात चित्रकारांची वाण नाही, आणि कलामहाविद्यालयातला एखादा जुना विद्यार्थी तुमच्या गावी येऊन खरं जातं, खरे हात बघून काढेल. इंटरनेटवरचं चित्र उचलू नका, ते कुणाच्या तरी हक्काचं असतं. चित्राचा मोबदला देताना पुढच्या आवृत्त्या, ई-पुस्तक आणि जाहिरात यांतही वापरायची परवानगी चार ओळींत लिहून घ्या. कण्याची जाडी पानांची संख्या पक्की झाल्याशिवाय ठरत नाही, त्यामुळे मुखपृष्ठाची अंतिम फाइल सगळ्यात शेवटी करायची.

आता छापखाना. इथे नवखा लेखक घाबरतो, पण चार शब्द कळले की बोलणं सोपं होतं. पुस्तकाची पानं सुटी छापली जात नाहीत, मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घालतात आणि त्या घडीला फॉर्मा म्हणतात. डेमीत साधारणपणे १६ पानांचा एक फॉर्मा. तुमची १६० पानं झाली तर बरोबर १० फॉर्मे. १६३ झाली तर उरलेल्या तीन पानांसाठी आठ पानांचा अर्धा फॉर्मा घ्यावा लागेल आणि पाच पानं कोरी जातील. तेव्हा एक तर तीन पानं आवरा, नाही तर पुस्तक १७६ पानांपर्यंत नेऊन मागे शब्दसूची द्या. तुमच्या पुस्तकाला मी दुसरं सुचवेन. बोलीतल्या शब्दांची सूची संशोधकांना हवीच असते, आणि शहरातल्या वाचकालाही तिच्याशिवाय अर्ध्या ओव्या कळणार नाहीत.

दर मागताना तीन छापखान्यांना अक्षरशः एकच कागद द्या, म्हणजे तुलना होईल. आकार डेमी, पानं १७६, आतला कागद ७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो नॅचरल शेड, छपाई एकरंगी, मुखपृष्ठ चाररंगी ३०० जीएसएम आर्ट कार्डवर मॅट लॅमिनेशनसह, फॉर्मे शिवून बांधणी, आणि ३०० व ५०० प्रतींचा वेगवेगळा दर. फॉर्मे न शिवता नुसत्या डिंकावर चिकटवलेली बांधणी स्वस्त पडते, पण ग्रंथालयात वर्षभर फिरलं की पानं हातात येतात. ओव्यांचं पुस्तक पुन्हा पुन्हा उघडलं जाणार, शिवणीचे जास्तीचे पैसे द्या. फोटो जास्त असतील तर ते आठ पानांच्या एका आर्ट पेपरच्या घडीत मधोमध एकत्र घ्या. साध्या कागदावर विखुरलेले काळे-पांढरे फोटो चिखल होतात. प्रती शंभराच्या आसपासच हव्या असतील तर डिजिटल छपाई, तीनशेच्या पुढे गेलात की ऑफसेट परवडायला लागतं, कारण प्लेटांचा खर्च एकदाच होतो. हा आकडा छापखान्यागणिक थोडा इकडेतिकडे होईल. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छापखाना तुमच्याकडून छपाईवर तो घेतो, तेव्हा दर करासह की करावेगळा हे लिहून घ्या.

सगळी छपाई सुरू होण्याआधी एक बांधलेली डमी मागा. त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची. ती हातात घ्या, उघडा, वजन करा. वजनाचं कारण पुढे टपालात येईल. पहिला फॉर्मा यंत्रावर चढेल तेव्हा स्वतः हजर राहा आणि शाई फिकी-गडद होत नाही ना ते बघून सही करा. छापखाने दिवाळीआधी दिवाळी अंकांत बुडालेले असतात, मग कॅलेंडरं, पुढे लग्नपत्रिका. गर्दीत दिलेलं पुस्तक मागे पडतं. मजकूर गणपतीपर्यंत पक्का झाला तर दिवाळी संपताच छपाईचा शब्द घ्या.

आयएसबीएनसाठी कुणालाही पैसे देऊ नका. भारतात तो केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते आणि लेखकाला स्वतःच प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करता येतो. ओळखपत्र, पत्ता, पुस्तकाचं शीर्षकपान अशी कागदपत्रं लागतात. नंबर यायला वेळ जातो, म्हणून दुसरं मुद्रित चालू असतानाच अर्ज टाका. छापील पुस्तकाला आणि ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक हवा. कॉपीराइटचंही लोक भय घालतात. १९५७च्या कायद्यानुसार लेखन झाल्या क्षणी तुमचा हक्क तयार होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. हवी असेल तर ती थेट कॉपीराइट कार्यालयात करता येते, दलाल नको.

अनुदानाचं विचारलं नाहीत, पण सांगतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. ती हस्तलिखितावर मिळते, म्हणजे आधी छापून मग अर्ज करता येत नाही. ओव्यांचं संकलन तिच्या वाङ्मयप्रकारांत बसेल का हे मंडळाच्या प्रभादेवीच्या कार्यालयात फोन करून विचारा. तुमचं गद्य लेखन वेगळं, ललित म्हणून बसण्याची शक्यता जास्त. निर्णयाला वेळ लागतो, थांबायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. माझा कल थांबू नये असा आहे. ओव्या सांगणाऱ्यांपैकी ज्या आज ऐंशीच्या घरात आहेत त्यांच्या हातात पुस्तक पडलं पाहिजे.

पैशाचं गणित असं मांडा. समजुतीसाठी धरू की ५०० प्रतींचा सगळा खर्च ६० हजार आला, म्हणजे प्रतीला १२० रुपये. किंमत ३०० ठेवलीत. दुकानदार किंवा वितरक ४० टक्के कापून घेतो, कधी त्याहूनही जास्त, म्हणजे तुमच्या हाती १८० येतात, तेही प्रत विकली गेल्यावर. तीच प्रत तुम्ही थेट २५० ला दिलीत तर २४० प्रतींत खर्च निघतो. प्रकाशनपूर्व सवलतीत २०० ठेवलीत तर ३०० प्रती लागतात. तेव्हा छपाईची ऑर्डर द्यायच्या आधी वही काढा आणि नावं लिहा: विद्यार्थी, सहकारी, शिक्षक संघटना, नातेवाईक, पुण्या-मुंबईत गेलेले गावकरी, आणि ज्या गावांतून ओव्या आल्या तिथली घरं. तिथल्या प्रत्येक बाईला एक प्रत भेट, ती या हिशेबाबाहेर ठेवा. वहीत खरीखुरी दोनशे नावं निघाली तर ५०० छापा, नाही तर ३००वर थांबा. फाइल तुमच्याकडे आहे, पुन्हा छापता येतं.

विक्रीचा तुमच्या पुस्तकाला लाभलेला मोठा मोसम म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक देण्याची पद्धत आता बऱ्याच घरांत आणि महिला मंडळांत रुळली आहे, आणि जात्यावरच्या ओव्यांइतकं त्या प्रसंगाला शोभणारं पुस्तक शोधून सापडणार नाही. बचत गटांना, पतसंस्थांच्या महिला विभागांना, शाळांच्या माता-पालक गटांना डिसेंबरातच भेटा आणि वीस-पंचवीस प्रतींच्या एकगठ्ठा मागणीला वेगळा दर द्या. संक्रांतीलाच औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं. तिथे पुस्तक घेऊन जा, आपल्या भागातला वाचणारा माणूस तिथे भेटतो. प्रकाशन समारंभही मोठा करू नका. विट्यातलं एखादं ग्रंथालय सभागृह देईल, ओव्या सांगणाऱ्या दोघी-तिघींना व्यासपीठावर बसवा आणि त्यांनाच म्हणायला सांगा. ‘पहिली माझी ओवी’ सुरू झाली की पाहुण्यांच्या भाषणाची गरज उरत नाही, आणि बाहेरच्या टेबलावर प्रती खपतात.

ग्रंथालयं हा दुसरा गिऱ्हाईक. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गाची सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत आणि त्यांची बरीच खरेदी मार्चच्या आधी होते. त्यांना रीतसर बिल लागतं, तेव्हा प्रकाशक म्हणून तुमच्या नावाचं बिलबुक छापून घ्या. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जाऊन ग्रंथोत्सव कधी आहे आणि तिथे टेबल कसं मिळतं ते विचारा. शासनमान्य ग्रंथयादीत पुस्तक यावं यासाठी एक प्रत मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पाठवावी लागते. ही यादी आणि राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार, दोन्ही प्रकाशनाचं कॅलेंडर वर्ष धरतात. म्हणून पुस्तक डिसेंबरअखेर छापून झालं तरी प्रकाशन जानेवारीत करा आणि श्रेयपानावर तीच तारीख घाला. डिसेंबरची तारीख पडली तर अर्ज भरायला हातात जेमतेम काही आठवडेच उरतात.

परगावच्या मागणीसाठी टपाल खातं बघा. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर, जास्तीत जास्त पाच किलोपर्यंत १०० रुपये. डमीचं वजन करायला सांगितलं ते यासाठी. ७० जीएसएम कागदावरचं १७६ पानांचं डेमी पुस्तक वेष्टणासकट ३०० ग्रॅमच्या आत बसतं. ९० जीएसएम घेतलात तर काटा सीमेवर जातो आणि प्रत्येक प्रतीला जास्तीचं तिकीट लागतं. ऑनलाइन विक्रीला बुकगंगासारखं मराठी पुस्तकांचं ठिकाण पुरेसं आहे, ई-पुस्तक किंडलवरही मराठीत काढता येतं, पण तुमच्या बाबतीत ते सहा महिन्यांनी केलं तरी बिघडत नाही. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणांचं मात्र आत्ताच बघा. ती संगणकावर आणि शिवाय एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि ज्यांनी संमती दिली त्यांच्या ओव्यांपुढे पुस्तकात क्यूआर कोड छापा.

पुस्तक निघालं की १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं ३० दिवसांच्या आत स्वखर्चानं प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमरा ग्रंथालय, मुंबईचं टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः पुस्तक काढणारे बहुतेक जण हे करतच नाहीत. तुम्ही जरूर करा. चार प्रती वेगळ्या काढा, टपालाच्या पावत्या जपून ठेवा, आणि पाचवी प्रत तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात दाखल नोंद करून द्या.